पासवर्ड भिंतीवर चिकटवण्याआधी

"तुझं कम्प्युटरचंच चाललंय ना? मग आमचं तेवढं वायफाय बसवून दे की!"

हे वाक्य तुम्ही ऐकलेलं आहे. बीसीएस, बीसीए, डिप्लोमा, इंजिनीअरिंग, यातलं काहीही करत असाल तर नक्कीच. मामाचं मेडिकल असतं, शेजारच्या काकांचं हॉटेल असतं, मित्राच्या वडिलांचं मंगल कार्यालय असतं. आपण जातो. फायबरवाल्यानं लावून दिलेल्या डबीला राउटर जोडतो, नाव देतो, पासवर्ड देतो, चहा पितो आणि घरी येतो. पाऊण तासाचं काम. वर कौतुकही होतं, "पोरगं हुशार आहे हं!"

मीही असाच हुशार होतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी भिंगारमधल्या एका अभ्यासिकेत वायफाय बसवलं. त्या कामात मी काय चुकलो आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते सांगायला हा लेख लिहितोय. कारण आज तुमच्यापैकी कितीतरी जण तीच चूक करत असणार, आणि मला जसं कोणी सांगितलं नाही तसं तुम्हालाही कोणी सांगितलेलं नसणार.

'फक्त काका बघतात'

भिंगार माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा, त्या शहराला चिकटून असलेलं हे छावणीचं गाव. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, सगळं आसपास. लष्कराची परेड बघत इथली पोरं मोठी होतात. त्यामुळे सैन्यभरती, पोलीस भरती, एमपीएससी हे शब्द घराघरात आणि अभ्यासिका गल्लोगल्ली.

ही अभ्यासिका सदर बाजाराच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत होती. खाली दुकानं, वर दोन हॉल. एक मुलांचा, एक मुलींचा, मध्ये काकांची केबिन. सगळे मिळून साठेक विद्यार्थी. फायबरची लाइन केबिनमध्ये आली होती, म्हणून राउटरही तिथंच ठेवला. मुलींच्या हॉलमध्ये रेंज जाईना, कारण मधली भिंत जुनी, दगडी, चांगली हातभर जाडीची. मग नगरात जाऊन एक रिपीटर आणला आणि दाराजवळच्या प्लगमध्ये खोचला. मोबाइलवर कांड्या दिसायला लागल्या. पासवर्ड ठेवला अभ्यासिकेचं नाव आणि पुढे १२३. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरांत छापून दोन्ही हॉलमध्ये चिकटवला. काकांच्या केबिनमधली सीसीटीव्हीची पेटी, म्हणजे डीव्हीआर, तीही त्याच राउटरला जोडली, कारण काकांना घरी बसून मोबाइलवर कॅमेरे बघायचे होते. त्या पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. राउटरच्या सेटिंगचाही तोच, ॲडमिन आणि ॲडमिन.

रिपीटर खोचत होतो तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "दादा, हा कॅमेरा कोण बघतं?"

मी मान वर न करता म्हटलं, "कोणी नाही. फक्त काका बघतात."

तीन महिन्यांनी कळलं की फक्त काका बघत नव्हते. मुलांच्या हॉलमधल्या एकानं मोबाइलवर एक साधं ॲप टाकलं. या नेटवर्कवर कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते दाखवणारं. अशी ॲप फुकट मिळतात आणि ती बेकायदाही नाहीत. त्याला डीव्हीआर दिसला. त्यानं नेहमीचा पासवर्ड टाकून बघितला आणि तो चालला. मग दुपारी वाचता वाचता बाकावर डोकं टेकून झोपलेल्या मुलींचे स्क्रीनशॉट एका ग्रुपवर फिरायला लागले. वर हसण्याचे इमोजी. त्यात ती पहिल्या बाकावरची मुलगीही होती. ते फोटो तिच्या चुलत भावापर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून तिची अभ्यासिका बंद झाली. पोलीस भरतीची तयारी करत होती ती.

काका मला म्हणाले, "अरे, आपलं हॅक झालं म्हणतात."

हॅक काहीच झालेलं नव्हतं. कोणी कुलूप तोडलं नव्हतं, कारण कुलूप मी लावलंच नव्हतं. त्या मुलानं जे केलं ते निर्लज्जपणाचं होतं आणि कायद्यानंही गुन्हा होता. पण त्याच्या हातात ती खिडकी कोणी दिली? मी. आणि तिला 'कोणी बघत नाही' असं छातीठोकपणे सांगितलं कोणी? तेही मीच.

'आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?'

हा विषय काढला की धंदेवाल्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं. "अरे, आपलं दुकान केवढं! आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" मलाही तेव्हा तसंच वाटायचं. आता वाटत नाही, आणि त्याची कारणं नुसती अभ्यासिकेपुरती नाहीत.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारा ईमेल गेला. त्याचा माग काढत तपास यंत्रणा पोहोचली ती नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथं एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याचं वायफाय सुरक्षित नव्हतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. पुढच्याच महिन्यात तसाच मेल गेला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून. सप्टेंबरात दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचा मेल निघाला चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायवरून. एक घर, एक कॉलेज, एक ऑफिस. तिघांचाही स्फोटांशी संबंध नव्हता, पण पोलीस पहिल्यांदा त्यांच्याच दारात आले. कारण बाहेरच्या जगाला आयपी पत्ता दिसतो, आणि तो पत्ता ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचा असतो. या प्रकरणांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या.

आता भिंगारचा विचार करा. एका बाजूला लष्करी हद्द, दुसऱ्या बाजूला हॉटेलं, लॉज, मोबाइलची दुकानं, अभ्यासिका. इथल्या एखाद्या चहाच्या हॉटेलच्या उघड्या वायफायवरून कोणी काही उद्योग केला, तर चौकशी होणार ती हॉटेलवाल्याची. तो म्हणणार, 'मला काही कळत नाही, त्या पोरानं बसवून दिलं.' ते पोरगं म्हणजे तुम्ही.

पैशाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या टीजेएक्स नावाच्या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण २००७ साली उघड झालं. साडेचार कोटींहून जास्त कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर शिरले ते एका दुकानाच्या कमकुवत वायफायमधून. त्या दुकानात 'वेप' नावाची जुनी सुरक्षा पद्धत होती. ती फोडता येते हे २००१ पासून जगजाहीर होतं, पण बदलायचं राहून गेलं होतं.

आणि कारखान्यातून आलेल्या पासवर्डचं म्हणाल तर २०१६ चं 'मिराई' आठवा. या प्रोग्रॅमकडे साठेक ठरलेल्या यूजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. बस्स. तेवढ्यावर त्यानं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अशाच उपकरणांच्या फौजेनं ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास ठप्प केल्या. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी एक जण कॉलेजात शिकत होता. म्हणजे आपल्याच वयाचा. तुमच्या मामाच्या मेडिकलमधला कॅमेरा अशा फौजेत भरती झाला, तर मामाला कळणारही नाही. नेट स्लो झालं म्हणून तो फायबरवाल्याला शिव्या घालत बसेल.

आधी कागद, मग राउटर

आपण काम सुरू करतो तेच चुकीच्या टोकाकडून, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी राउटर विकत घेतो, मग तो कुठं ठेवायचा ते बघतो. नगरला निजामशाहीत शहराबाहेरून, कापूरवाडीसारख्या ठिकाणाहून, खापरी नळांनी पाणी आणलं गेलं. ते करणाऱ्यांनी पाणी कुठून येणार, कुठं जाणार, कुठं किती लागणार हे आधी ठरवलं असणार. नळ टाकून झाल्यावर उतार शोधता येत नाही. वायफायचंही तेच आहे.

म्हणून पहिल्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. कागद-पेन घ्या आणि जागा फिरा. खोल्या काढा, भिंती काढा. कोणती भिंत विटांची, कोणती दगडी, कुठं पत्र्याचं पार्टिशन, कुठं लोखंडी शटर, कुठं मोठा आरसा, कुठं फ्रिज, ते लिहा. पत्रा आणि लोखंड सिग्नल जवळपास अडवतातच. दगड त्याला बराच खातो. माझी अख्खी अडचण त्या एका भिंतीत होती आणि मी ती न मोजता तिच्यावर रिपीटर चिकटवला.

मग माणसं मोजा. एका वेळी किती फोन, किती लॅपटॉप असतील? वायफायवर सगळे एकाच वेळी बोलू शकत नाहीत. गॅदरिंगला एकच माइक असतो आणि प्रत्येकाला तो पाळीपाळीनं मिळतो, तसं हे आहे. घरगुती राउटरवर साठ जण बसवले, तर लाइन कितीही वेगाची घ्या, माइकची रांग लांबणारच. रिपीटरनं ही रांग अजून वाढते, कारण साधा रिपीटर एकच वाक्य आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनलवर परत बोलतो. वेळ दुप्पट, वेग साधारण निम्मा. कांड्या फुल दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो, ते यामुळेच.

यावर खरा उपाय कंटाळवाणा आहे. वायर टाका. प्रत्येक हॉलमध्ये एक ॲक्सेस पॉइंट आणि तिथपर्यंत कॅट-सिक्स केबल. एका केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे भिंगारमधल्या बहुतेक इमारतींना पुरून उरेल. पॉवर ओव्हर इथरनेटचा स्विच घेतला, तर वीजही त्याच केबलमधून जाते, वेगळा प्लग शोधावा लागत नाही. दगडी भिंतीला एक भोक पाडायला ड्रिलवाल्याला अर्धा तास लागतो. मी ते भोक वाचवलं आणि तीन महिने साठ जणांना बफरिंग दिलं.

बँड आणि चॅनल हा पुढचा मुद्दा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण सदर बाजारासारख्या दाट वस्तीत तिथं खच्चून गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. शेजारचे कोणते वापरतात ते मोबाइलवरच्या ॲनालायझर ॲपमध्ये बघा आणि सर्वांत मोकळा निवडा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर थकतो. २०१८ साली केंद्र सरकारनं या बँडचा मोठा पट्टा विनापरवाना वापराला खुला केला, त्यामुळे तिथं जागा भरपूर आहे. हॉलमध्येच ॲक्सेस पॉइंट असेल तर ५ वापरा.

त्याच ॲपमध्ये सिग्नल उणे आकड्यांत दिसतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ च्या आसपास असेल तर काम आरामात चालतं, उणे ८० ला रडारड सुरू होते. प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून आकडा नकाशावर लिहा. आणि एकदा रस्त्यावर जाऊनही बघा. समोरच्या फुटपाथवर उणे ५० येत असेल, तर राउटरची पॉवर कमी करा. आपलं वायफाय चौकापर्यंत जातं यात मिरवण्यासारखं काही नाही.

शेवटची गोष्ट वीज. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की काउंटरवरचं बिलिंग आणि पेमेंट बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो फायबरच्या डबीलाही जोडा, नाहीतर राउटर चालू आणि नेट गायब.

ओसरी, दुकान, माजघर

आता सुरक्षेचं. याची पुस्तकं जाडजूड असतात, पण गाभा आपल्या जुन्या घरात आहे. आलेला माणूस ओसरीवर बसतो. ओळखीचा असेल तर आतल्या खोलीत येतो. माजघरात घरचीच माणसं जातात. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. आपण मात्र गिऱ्हाईक, बिलिंगचा कम्प्युटर आणि कॅमेरे तिघांनाही एकाच खोलीत नेऊन बसवतो.

तर नेटवर्क तीन करा. गिऱ्हाइकांसाठी एक, धंद्यासाठी एक, कॅमेरे आणि डीव्हीआरसाठी एक. मोठ्या जागेत हे व्हीलॅननं होतं, म्हणजे केबल त्याच, पण आत अदृश्य पार्टिशन. छोट्या दुकानात किमान राउटरमधला 'गेस्ट नेटवर्क' पर्याय चालू करा. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये तो असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. सोबत 'क्लायंट आयसोलेशन' किंवा तशा नावाचं बटण असेल तर तेही चालू करा, म्हणजे गेस्टवरचे फोन एकमेकांनाही दिसत नाहीत.

पण चालू केलं म्हणून विश्वास ठेवू नका, तपासा. आपला फोन गेस्टला जोडा आणि डीव्हीआरचा पत्ता उघडून बघा. राउटरचं सेटिंगचं पान उघडून बघा. प्रिंटर दिसतोय का ते बघा. यातलं काहीही उघडलं, तर काम झालेलं नाही. मग मोबाइल डेटावरून, म्हणजे बाहेरून, तेच करून बघा. ही दहा मिनिटांची परीक्षा मी तेव्हा दिली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बाकीची यादी भराभर सांगतो. राउटर, ॲक्सेस पॉइंट, डीव्हीआर, प्रत्येक कॅमेरा, या सगळ्यांचे कारखान्यातले पासवर्ड बदला, वेगवेगळे ठेवा. सुरक्षा पद्धत डब्ल्यूपीए-३ ठेवा, जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-२, त्याखाली काही नको. बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस सोय बंद करा. तिची आठ आकडी पिन फोडता येते हे २०११ मध्येच दाखवून झालंय. फर्मवेअर अपडेट करा आणि दर काही महिन्यांनी पुन्हा बघायची तारीख दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पासवर्ड लांब ठेवा. दुकानाचं नाव, मालकाचा मोबाइल नंबर, '१२३' हे सगळं बाद. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ओळीनं लिहा. पाटा, जिलबी, एसटी, आभाळ. आठवायला सोपा, ओळखायला अवघड. कामाचा मुलगा नोकरी सोडून गेला की धंद्याच्या नेटवर्कचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदला. मोठ्या ऑफिसात तर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावं, म्हणजे एक जण गेला तर त्याचंच बंद करता येतं.

आणि मालकाला खरंच सगळ्यांसाठी वायफाय उघडायचं असेल, तर त्यालाही रीतसर रस्ता आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं 'पीएम-वाणी' योजनेला मंजुरी दिली. तिच्यात चहाची टपरीसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवू शकते. वापरणारा ॲपमधून आपली ओळख पटवून येतो. म्हणजे उद्या कोणी चौकशीला आलं, तर मालक 'माहीत नाही' म्हणत उभा राहत नाही.

फुकट करू नका

इथं थोडं कडू बोलतो. आपल्याकडे हे काम 'तेवढं करून दे' या खात्यात जातं. इलेक्ट्रिशियनला मजुरी मिळते, प्लंबरला मिळते, वायफाय बसवणाऱ्या पोराला चहा आणि पोहे. मला वाटतं, सगळ्या घोळाचं मूळ तिथंच आहे. फुकटच्या कामाला कोणी वेळ देत नाही. करणारा पाऊण तासात आटोपतो आणि करून घेणारा एक प्रश्न विचारत नाही. काही बिघडलं तर जबाबदारी कोणाचीच नाही.

म्हणून पैसे घ्या. थोडे घ्या, पण घ्या, आणि त्या बदल्यात कागद द्या. जागेचा नकाशा, कुठून कोणती केबल गेली, कोणती उपकरणं बसवली, कोणाला कुठपर्यंत जाता येतं, पुढची तपासणी कधी. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, मालकाच्या हातात. तुमच्या मोबाइलच्या नोट्समध्ये दुसऱ्याच्या दुकानाच्या किल्ल्या ठेवू नका. मालक म्हणेल, "एवढं कशाला?" त्याला २००८ ची ती तीन ठिकाणं सांगा. घर, कॉलेज, ऑफिस.

"मामाकडून कसे पैसे घेणार?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे. मामाकडून घेऊ नका, पण कागद मामालाही द्या. आणि ज्या कामात आपल्याला खात्री नाही, तिथं 'मला हे जमणार नाही, जाणकाराला बोलवा' म्हणायची लाज बाळगू नका. मी तेव्हा ते म्हटलं नाही, कारण हुशार पोरगं ही पदवी मला हातची घालवायची नव्हती.

तुमच्यातले सगळे काही वायफाय बसवणार नाहीत. पण वापरणार सगळेच. हॉटेलच्या काउंटरवरच्या ओळखीच्या पोराकडून 'आतला' पासवर्ड मागू नका. आणि कधी कुठल्या नेटवर्कवर एखादा कॅमेरा उघडा दिसला, तर तुमच्यापुढे दोनच रस्ते आहेत. बघत बसायचं, नाहीतर मालकाला सांगायचं. 'पासवर्ड सोपा होता' ही पळवाट चालत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. ते वाईट हेतूनं केलं असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अभ्यासिकेतल्या त्या मुलाला काकांनी काढून टाकलं. पोलिसांत कोणी गेलं नाही, कारण तिच्या घरच्यांना बोभाटा नको होता. आपल्याकडे असंच होतं. बघणारा दुसऱ्या अभ्यासिकेत जातो आणि जिला बघितलं ती घरी बसते.

त्या अभ्यासिकेचं काम मी नंतर परत केलं. भिंतीला भोक पाडलं, दोन ॲक्सेस पॉइंट लावले, तीन नेटवर्क केले. मुलींच्या हॉलमधला कॅमेरा काकांनी माझ्या सांगण्यावरून दाराबाहेर, जिन्याकडे तोंड करून लावला. खरं तर आत त्याचं काम काय होतं, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. भिंतीवर आता एकच कागद आहे, गेस्टचा. त्याखाली एक ओळ मी काकांना आग्रहानं लिहायला लावली. कॅमेरे कुठं आहेत, कोण बघतं आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं.

पहिला बाक काही दिवस रिकामा राहिला, मग तिथं दुसरी कोणीतरी बसायला लागली. ती परत आली नाही. तिची भरती झाली की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायला जायचा हक्क मला आहे असंही वाटत नाही.

तुम्हाला उद्या कोणी म्हणेल, "तेवढं वायफाय बसवून दे." जरूर जा. पण राउटरचा खोका फोडण्याआधी तिचा प्रश्न स्वतःला विचारा, 'हे कोण बघतं?' आणि उत्तर देण्याआधी मान वर करून, नीट तपासून घ्या.